पगार थांबल्यानंतरचा शेअर

कोणता शेअर घ्यावा, हे या पुस्तकात कुठेही सांगितलेले नाही. ते सांगणारे जळगावात पुष्कळ आहेत. नवी पेठेतल्या चहाच्या टपरीवर आहेत आणि भुसावळहून अपडाऊन करणाऱ्यांच्या डब्यातही आहेत. इथे विषय आहे तो हातात असलेला शेअर विकायचा कधी, एवढाच. तोही ज्याने साठीची वाट न पाहता पन्नाशीतच नोकरी सोडली, त्याच्यापुरता. महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारी रक्कम त्याच्यासाठी बंद झाली आहे किंवा निम्म्यावर आली आहे, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे मात्र पूर्ण खर्चाची आहेत.

खानदेशात या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे: विकायचाच नाही. हे उत्तर अमळनेरचे. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना उभा केला. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण ही तिची ओळख. भोवतालच्या भुईमुगावर चालणारा हा धंदा, त्यामुळे गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, कामगारांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. पुढे कंपनीचे नाव विप्रो झाले, तेलाच्या जोडीला संगणक आले, कारभार बंगळुरूला गेला. अमळनेरच्या ट्रंकांमधले कागद मात्र ट्रंकांमध्येच राहिले.

त्या कागदांचे काय झाले, त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १९९७ च्या सुरुवातीला ज्याच्याकडे विप्रोचा एक शेअर होता, त्याला त्या वर्षी एकास दोन बोनस मिळाला: तीन झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे केले: पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तिनास दोन, २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तिनास एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक. पंचेचाळीस, नव्वद, दीडशे, तीनशे, चारशे, आठशे. एका शेअरचे आठशे, आणि ऐंशीच्या दशकातले बोनस यात धरलेलेच नाहीत. ज्याने कधीही काही केले नाही, तो सगळ्यांत श्रीमंत झाला. गावाने यातून एकच बोध घेतला आणि तो पुढच्या पिढीला वारसा म्हणून दिला.

मला या गोष्टीत खोटे काही दिसत नाही. तिच्यातून एक माणूस गळला आहे, एवढीच माझी तक्रार. मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, आजारपणासाठी ज्यांनी मध्येच कधीतरी ते कागद विकले, त्यांच्या घरी कोणी वार्ताहर जात नाही. आणि ज्यांनी विकले नाहीत, त्यांना ते कशामुळे शक्य झाले, हेही कोणी विचारत नाही. त्यांची शेती होती, दुकान होते, कारखान्यातला किंवा शाळेतला पगार होता. चूल त्या शेअरवर पेटत नव्हती. भाव अर्धा झाला तरी घरात कुणाला कळायचे नाही, कारण भाव पाहण्याची गरजच नव्हती. न विकण्याची चैन त्या दुसऱ्या उत्पन्नाने पुरवलेली होती. नोकरी सुटली की नेमके तेच उत्पन्न जाते. शेअर तोच राहतो, कंपनी तीच राहते; पण काल जो शेअर नातवंडांसाठी होता, तो आज किराण्यासाठी आहे. म्हणून अमळनेरचा धडा लवकर निवृत्त झालेल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, असे माझे मत आहे, आणि हे पुस्तक त्या मताच्या भोवती उभे आहे.

त्याच विप्रोचा दुसरा हिशेबही सांगतो, कारण तो सहसा सांगितला जात नाही. फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांची लाट शिगेला पोचली होती आणि विप्रोचा भाव नऊ हजारांच्या वर गेला होता. त्या दिवसांत कुणी तीन शेअर घेतले असतील, तर सत्तावीस हजारांहून अधिक मोजले असतील. वर सांगितलेले २००४ पासूनचे सगळे बोनस धरले की त्या तिनांचे आज १६० होतात. २०२५ च्या उत्तरार्धात विप्रो अडीचशेच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे १६० शेअरचे चाळीस हजार. मधला लाभांश आणि २०१३ च्या विभाजनात मिळालेला वाटा वेगळा ठेवला, तर पंचवीस वर्षांत सत्तावीसचे चाळीस. तेवढ्या काळात पोस्टानेही याहून बरे दिले असते. मधल्या दीड-दोन वर्षांत तर भाव ऐंशी टक्क्यांहून अधिक कोसळला होता. एकच कंपनी, एकच मालक, तेच बोनस. एकाचे आठशे झाले आणि दुसऱ्याचे पंचवीस वर्षांत दीडपट. दोघांनीही 'विकायचा नाही' हाच नियम पाळला होता.

आता जळगावची गोष्ट. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली. पुढे पपेन, पीव्हीसी पाइप आणि मग ठिबक. केळीला ठिबक आणि टिश्यूकल्चरची रोपे मिळाल्यावर रावेर-यावलच्या बागांचे काय झाले, ते इथल्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. जैन इरिगेशनचा शेअर जिल्ह्यात अनेकांनी घेतला, आणि तो घेण्यात नफ्याच्या अपेक्षेइतकाच अभिमानही होता. २०१० मध्ये त्याचा भाव दोनशेच्या वर होता. कर्ज वाढत गेले, अनुदानाची येणी सरकारांकडे अडकत गेली आणि २०१९ मध्ये कंपनीची देणी थकली. मार्च २०२० मध्ये तोच शेअर पाच रुपयांच्या खाली मिळत होता. पुढे बँकांशी तडजोड झाली, परदेशातला सिंचनाचा व्यवसाय २०२३ मध्ये रिव्हुलिस या कंपनीत विलीन करून कर्ज हलके केले, आणि २०२४ मध्ये भाव पन्नासच्या पुढे गेला. तळाशी घेणाऱ्याचे दहापट झाले. दोनशेला घेऊन बसलेल्याकडे पाव रक्कम उरली. आणि ज्याला मार्च २०२० मध्ये घरखर्चासाठी विकावेच लागले, त्याचे काय, हे वेगळे सांगायला नको.

भवरलालजींनी जिल्ह्याला जे दिले ते मोठेच आहे, त्याबद्दल मनात आदर असावा. पण तो आदर डिमॅट खात्यात ठेवण्याची गरज नाही. विप्रो आणि जैन या दोन्ही शेअरवर इथल्या लोकांचे सारखेच प्रेम होते, दोन्ही कंपन्यांचे संस्थापक कर्तबगार होते, दोन्हींची सुरुवात याच जिल्ह्यातली. २००० किंवा २०१० साली उभे राहून यांतली कोणती कशी जाईल, हे सांगता आले असते असे म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे विकण्याचा नियम असा हवा, की पुढे काय होणार हे ठाऊक नसले तरी तो पाळता यावा.

लवकर निवृत्तीच्या दोन मोठ्या लाटा आपल्याकडे येऊन गेल्या. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि देशभरात लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. त्यांच्या हातात रक्कम आली तेव्हा संगणक कंपन्यांचा फुगा फुटलेला होता, मार्च २००१ मध्ये केतन पारेख या दलालाचे शेअर घोटाळ्याचे प्रकरण उघडकीस आले, आणि जुलैत तर ज्या यूएस-६४ या युनिट योजनेला लोक बँकेच्या ठेवीइतके सुरक्षित समजत होते, तिची खरेदी-विक्रीच यूटीआयने थांबवली. दुसरी लाट बीएसएनएलची. पन्नाशी ओलांडलेले अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक लोक ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी निवृत्त झाले. त्या महिन्यात सेन्सेक्स ४२ हजारांपर्यंत गेला होता; २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. दोन्ही लाटांतल्या लोकांना निवृत्तीच्या पहिल्याच वर्षात बाजाराने आपटले. याला दुर्दैव म्हणता येईल. पण दोनदा घडले, म्हणजे तिसऱ्यांदाही घडेल असे धरून चालणे बरे.

पहिल्या वर्षातली घसरण दहाव्या वर्षातल्या घसरणीपेक्षा वाईट का, हे अंकांतच पाहावे. समजा, पेन्शन आणि व्याज वजा जाता घराला वर्षाला दोन लाख कमी पडतात. शेअरचा भाव पाचशे असेल तर चारशे शेअर विकून भागते. भाव अडीचशेवर आला तर आठशे विकावे लागतात. वर्ष-दोन वर्षांत भाव पुन्हा पाचशेवर आला, तरी जास्तीचे विकलेले चारशे परत येत नाहीत; त्यांच्यावरचा पुढच्या पंचवीस वर्षांचा लाभांश आणि बोनसही जातो. पगारदाराला मंदी ही स्वस्तात घेण्याची वेळ वाटते, कारण तो घेणारा असतो. पगार थांबलेला माणूस विकणारा झालेला असतो, आणि त्याच मंदीत त्याची पुंजी कायमची झिजते.

यावर उपाय जुनाच आहे: घसरणीच्या काळात विकावेच लागू नये, एवढी रक्कम शेअरबाहेर ठेवणे. किती? फेब्रुवारी २००० ची उंची सेन्सेक्सला पुन्हा गाठायला जवळजवळ चार वर्षे लागली, जानेवारी २००८ ची गाठायला सुमारे पावणेतीन, आणि २०२० ची दहा-अकरा महिन्यांत भरून निघाली. म्हणून मी तीन ते चार वर्षांची तूट ठेवीत किंवा पोस्टात ठेवायला सांगतो. वर्षाला दोन लाख कमी पडत असतील तर सहा ते आठ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजना यासाठी उत्तम, पण ती साधारणपणे साठीनंतरची. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती पंचावन्नपासून उघडता येते, तीही निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत. बावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्याची ती मुदत पंचावन्नच्या आधीच संपते, त्याला साठीपर्यंत दुसरी सोय पाहावी लागते. हे मात्र लक्षात असू द्या, की बाजार सावरतो म्हणून एकेक शेअर सावरतोच असे नाही. ही तीन-चार वर्षांची शिदोरी दहा-वीस कंपन्यांत वाटलेल्या पुंजीला पुरते. सगळे एकाच कंपनीत असेल तर तिचा काही भरवसा नाही.

कापसाच्या बाबतीत हे शहाणपण खानदेशात घरोघरी आहे. कापूस वेचून घरात आला की शहाणा शेतकरी सगळा एकदम विकत नाही आणि सगळा ठेवतही नाही. मजुरी आणि उधारी भागेल एवढा दिवाळीच्या सुमारास जातो, सोसायटीच्या हप्त्यापुरता पुढे जातो, उरलेला भावाची वाट पाहत राहतो. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला आणि पुढच्या हंगामात त्या भावाच्या आशेने अनेकांनी उन्हाळ्यापर्यंत घरात गंजी लावून ठेवल्या. अंगाला खाज सुटली, वजन घटले आणि भाव सात-आठ हजारांवर आला. ज्याने गरजेपुरता आधी विकला होता, त्याचे फारसे बिघडले नाही. त्याच घरातला मुलगा नोकरीतून बाहेर पडून शेअरचा विचार करू लागला की मात्र सगळे ठेवायचे किंवा सगळे काढायचे, एवढ्या दोनच वाटा त्याला दिसतात, याचे मला नेहमी नवल वाटते. वर्षातून दोनदा, ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या रकमेपुरते विकायचे आणि ती शिदोरी भरून ठेवायची. भाव फारच पडलेला असेल तर तो हप्ता सोडून शिदोरीतून खायचे. बाकी वर्षभर भाव न पाहिलेला बरा.

पुष्कळ जण म्हणतात, विकायचे कशाला, लाभांशावर भागवू. विप्रोच्याच दहा हजार शेअरवर हे करून पाहू. २०२१-२२ या आर्थिक वर्षात कंपनीने शेअरमागे एकूण सहा रुपये दिले: साठ हजार. पुढच्या वर्षी एक रुपया: दहा हजार. त्याच्या पुढच्या वर्षीही एकच. कंपनी अडचणीत नव्हती. २०२३ मध्ये तिने ४४५ रुपये भावाने बारा हजार कोटींचे शेअर परत विकत घेतले. म्हणजे पैसे वाटायचे होते, पण ते हवे असतील तर शेअर देऊन न्या, असे कंपनीच म्हणत होती. ज्याने 'विकायचाच नाही' असे ठरवले होते, त्याच्या वाट्याला त्या वर्षी रुपयाच आला.

लाभांशाचा हिशेब जमला नाही तरी एक गोष्ट उरते, ती मनाची. वडिलांनी घेतलेला शेअर विकणे म्हणजे वडिलोपार्जित शेत विकल्यासारखे वाटते, आणि शेत विकणाऱ्याबद्दल गाव काय बोलते हे सगळ्यांना ठाऊक आहे. या भावनेची टिंगल मी करणार नाही. पण २०१३ मध्ये काय झाले ते पाहा. विप्रोने संगणकसेवा सोडून बाकीचे सगळे व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीत टाकले. ती शेअरबाजारात नोंदलेली नाही. भागधारकांना तिचे शेअर घ्यायचे, ठरावीक मुदतीने रोख परतणारे प्रेफरन्स शेअर घ्यायचे की विप्रोचेच आणखी शेअर घ्यायचे, असे पर्याय होते. अमळनेरचा कारखाना त्या दुसऱ्या कंपनीकडे गेला. ज्याच्या खात्यात आज विप्रोचा शेअर आहे, त्याचा त्या कारखान्याच्या भोंग्याशी काही संबंध राहिलेला नाही. त्याच्याकडे बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा हिस्सा आहे. कंपनी इतकी बदलली असेल, तर 'हा धंदा मी आज नव्याने विकत घेईन का' हा प्रश्न निदान एकदा विचारावा.

एका शेअरचे वजन किती असावे, याला पुस्तकी टक्केवारी आहे. ती मी पुढे दिलीही आहे. मला स्वतःला एक साधी कसोटी अधिक उपयोगी वाटते. हा शेअर उद्या शून्य झाला, तर घरातले काय बंद पडेल? काहीच नाही, असे उत्तर आले तर खुशाल ठेवा. मुलीचे शिक्षण किंवा स्वतःचे औषध असे उत्तर आले, तर तेवढ्यापुरता तो आजच जास्त आहे, भाव कितीही असो. खरेदीचा भाव आला की विकेन म्हणून थांबणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. खरेदीच्या भावाचा खरा उपयोग फक्त करासाठी होतो.

आणि करासाठी तो कसा होतो, हे विप्रोवाल्यांनी नीट समजून घ्यावे, कारण करापोटी अडून बसलेले मी बरेच पाहिले आहेत. २३ जुलै २०२४ पासून वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, वर्षाचा सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून. २०१८ पूर्वी काही वर्षे हा कर नव्हता. म्हणून जुन्या शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, विक्रीच्या भावापर्यंत. त्या दिवशी विप्रो तीनशेच्या आसपास होता. तो अडीचशेला विकला, तर जुन्या शेअरवर नफा शून्य. पण त्यानंतर आलेल्या बोनस शेअरची किंमत शून्य धरतात, म्हणजे अडीचशेच्या अडीचशे नफा. तेव्हाच्या तीन शेअरचे आज आठ झाले आहेत. म्हणजे आठांतले तीन जुने, पाच बोनसचे. डिमॅट खात्यातून आधी आलेला शेअर आधी गेला असे धरतात, त्यामुळे पहिल्या काही वर्षांची विक्री बहुधा करमुक्तच निघेल. कागद उशिरा डिमॅट केले असतील तर हा क्रम बदलतो, तेव्हा सीएला तारखा दाखवूनच विका. शिवाय ज्याचे बाकीचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे, अशा निवासी व्यक्तीला ती उरलेली मर्यादा या नफ्यातूनही वजा करता येते. पगार असताना ही सवलत मिळत नव्हती. लवकर निवृत्त झालेल्याला ती दर वर्षी मिळते आणि वापरली नाही तर वाया जाते. एकदम सगळे विकण्यापेक्षा दर वर्षी थोडे विकण्याला हे आणखी एक कारण.

पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण कागदांवर आहे, आणि ज्यांच्या घरी अजून छापील सर्टिफिकेटे आहेत त्यांनी तेच आधी वाचावे. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आधी डिमॅट करावा लागतो. शेअर वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांच्या नावावर आणावा लागतो, आणि तिथे नावाचे एक स्पेलिंग, एक जुनी सही किंवा एका बहिणीची संमती महिनोन्महिने अडवू शकते. सलग सात वर्षे लाभांश घेतलेला नसेल तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतो. तो परत मिळतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि थांबावे लागते. विकायचे ठरवल्यानंतर या गोष्टी लक्षात आल्या, तर तोपर्यंत भाव कुठे असेल ते आपल्या हातात राहत नाही.

ज्यांचे पेन्शन आणि शेती मिळून घर नीट चालते, त्यांना मी काही विका असे सांगत नाही. अमळनेरचा नियम त्यांना आजही लागू आहे. त्यांनी कागदांचे प्रकरण वाचावे, नॉमिनीचे नाव तपासावे आणि शेअर कुठे, किती, कोणत्या खात्यात आहेत ते पत्नीला किंवा पतीला लिहून द्यावे. विकण्याचा प्रश्न त्यांच्या वारसांपुढे येईल, आणि त्यांतले काही जण बहुधा पन्नाशीतच नोकरी सोडलेले असतील.